चाळणीवर उरतं ते

पहाटे ५.३०. भरतीचं वेळापत्रक पुन्हा पाहून घेते. ठाण्याची खाडी ऐरोलीच्या वर इतकी उथळ होते की सुकतीला सापडलेली होडी तासन्‌तास चिखलात बसून राहते.

७.१५. पहिला ग्रॅब. हा लोखंडी जबडा तळाला टेकला की मिटतो आणि गाळाचा घास घेऊन वर येतो. वरचा तपकिरी थर जेमतेम काही मिलिमीटर, खाली सगळं काळंकुट्ट आणि कुजक्या अंड्यांचा वास. सांडपाण्यातला कचरा कुजताना जिवाणू गाळातला ऑक्सिजन संपवतात. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि ते लोहाशी मिळालं की गाळ काळा होतो. मासा अशा जागेतून निघून जाऊ शकतो. बिळातल्या किड्याला, शिंपल्याला ती सोय नाही. म्हणून पाण्याच्या बाटलीपेक्षा माझा या घाणीवर जास्त विश्वास. पाणी तर प्रत्येक भरती-ओहोटीला हलतं.

८.००. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत गाळ धुणं. पाठ मोडते. "ताई, यात काय गावतंय तुम्हाला?" तांडेलदादा विचारतात. एकेकाळी इथे काय काय गावायचं, ते त्यांनाच जास्त ठाऊक.

१०.३०. फ्लेमिंगो पाहणाऱ्यांची बोट शेजारून जाते. एवढे पक्षी म्हणजे खाडी ठणठणीत, असं लोक खुशाल म्हणतात. पण धाकटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो आणि सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शैवाल माजतं.

दुपारी २.००. आजच्या बरण्या फॉर्मॅलिन आणि रोझ बेंगाल हा रंग घालून फळीवर. टेबलावर मागच्या फेरीतला नमुना. रंगाने गुलाबी झालेले जीव चिमट्याने वेचायचे. खाडीच्या तोंडाकडच्या बशीत शिंपले, छोटे खेकडे, नाना जातींचे कृमी. वरच्या टोकाच्या बशीत कॅपिटेला, कॅपिटेला आणि पुन्हा कॅपिटेला. हा बारीक कृमी सेंद्रिय घाणीतही तग धरतो, भराभर वाढतो. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या संशोधकांनी १९७८ मध्ये हा क्रम मांडला: घाण वाढते तसे खोल बिळं करणारे मोठे जीव आधी जातात, मग अशा बारक्यांची गर्दी होते, शेवटी कुणीच उरत नाही.

५.३०. हिशेब. आमचा ग्रॅब ०.०४ चौरस मीटरचा, म्हणून २५ने गुणायचं. बशीत शंभर जीव निघाले तर चौरस मीटरला अडीच हजार. तक्त्यात 'एकूण संख्या' हा रकाना पहिला असायचा. तो मी मागे नेलाय आणि 'जातींची संख्या' पुढे आणलीय. नाहीतर बैठकीत अडीच हजार ऐकून कुणीतरी खूश व्हायचं.