भाच्याला मोबाइल देताय? मग शेजारी बसा!

ताईचा अडीच वर्षांचा पोरगा जेवत नाही? लाव मोबाइल! घरात हे काम बहुतेक वेळा आपल्याकडेच येतं. डेटा पॅक आपला आणि मामा-मावशीही आपणच ना! इंग्लिश राइम्स धडाधड म्हणणारं हे पिल्लू पाणी हवं असलं की मात्र नुसतं बोट दाखवतं. असं का होत असेल?

अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक भारी प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी मँडरिन चिनी भाषा ऐकवली. २५ मिनिटांची १२ सत्रं. काही बाळांसमोर माणूस प्रत्यक्ष बसून खेळला, गोष्टी वाचल्या. काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं. माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता आले. व्हिडिओवाली बाळं होती तिथेच राहिली.

म्हणजे स्क्रीन वाईटच? तसंही नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली. कारण पलीकडचा माणूस त्यांना उत्तर देत होता. लहान मूल शिकतं ते या देवाणघेवाणीतून.

मग तुम्ही काय कराल?

गावच्या आजीला व्हिडिओ कॉल लावा. ‘आजीला सांग, आज काय खाल्लंस?’ असं विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, मधेच तुम्ही बोलू नका.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. पहिल्या पातळीपासून सुरू करा. बोट अक्षरांखाली फिरवत वाचा. ‘आता काय होणार?’ विचारा.

भाजीवाल्याचा, रिक्षाचा, घरच्या मांजराचा फोटो काढा आणि त्यावर गप्पा मारा. ‘मांजर म-पासून, अजून काय म-पासून?’ हा खेळ पुढे वाचायला लागताना कामी येतो. पिल्लाने सांगितलेली गोष्ट रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा, स्वतःचा आवाज ऐकून ते पुन्हा बोलेल!

वेळेचं भान मात्र ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी असेल तर उत्तमच. त्याहून लहानांना नकोच.

आणि दोन वर्षं झाली तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडता येत नसतील, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नका. ताईला सांगा, डॉक्टरांना दाखव, कान तपासून घे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा-श्रवण संस्था आहे. अशा वेळी कोणतंही अ‍ॅप डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘लाव ना कार्टून’ म्हणून हट्ट झाला, तर रील बंद करा आणि पिल्लाला मांडीवर घ्या. दहा मिनिटं पुरतात.