नकारांनी घडवलेला लेफ्टनंट

१५ सप्टेंबर १९७१, बुधवारची रात्र. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर एक मोटार लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून धावताना दिसते, पण इंजिनाचा आवाज नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. उंच इमारतीतल्या ऑफिसात एक लेखक गोष्ट टाइप करत बसलाय, आणि गाडीत आहे त्याचा लेखनातला भागीदार, त्याला संपवायच्या तयारीने निघालेला. थोड्या वेळाने खून होतो. खुनी कोण, का आणि कसा, सगळे आपल्याला कळते आणि तरीही मालिकेचा नायक पडद्यावर फिरकलेला नसतो. चांगल्या पाव तासानंतर तो येतो तोही पाणी प्यायच्या नळापाशी, गेलेल्या लेखकाच्या बायकोशी बोलायला. मग तिला घरी सोडतो आणि तिच्या स्वयंपाकघरात शिरून ऑम्लेट करायला घेतो.

'कोलंबो'चा पहिला सीझन असा सुरू झाला. भाग फक्त सात, फेब्रुवारी १९७२पर्यंत संपलेसुद्धा. पण या सात भागांमागे अकरा वर्षांची खटपट होती. ती उलगडत गेले की एक गोष्ट वारंवार समोर येते: जवळजवळ प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी 'नाही' म्हणाले होते, आणि दरवेळी त्या नकाराने मालिकेचे भलेच केले होते.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे फिलाडेल्फियातले शाळासोबती. दोघांना जादूच्या प्रयोगांचा नाद आणि रहस्यकथांचे वेड. कॉलेजही एकच, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. १९५४मध्ये 'एलरी क्वीन्स मिस्ट्री मॅगझीन'ने त्यांची पहिली कथा विकत घेतली आणि जोडी कायमची ठरली. पुढे त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञाची गोष्ट रचली. हा डॉक्टर बायकोचा खून करतो आणि ती जिवंत असल्याचा देखावा उभा करतो. ३१ जुलै १९६०ला ही गोष्ट 'इनफ रोप' या नावाने 'शेव्ही मिस्ट्री शो'मध्ये दाखवली गेली. तीत एक पोलीस लेफ्टनंट होता, कोलंबो. काम केले होते बर्ट फ्रीड यांनी. लेखकांच्या लेखी गोष्ट डॉक्टरची होती. पोलीस आला होता तो डॉक्टरला पकडायला कोणीतरी हवे म्हणून.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला हा प्रकार उफराटा वाटेल. खुनी पहिल्याच प्रकरणात दाखवून टाकला तर शेवटपर्यंत वाचायचे कशासाठी? पण ही रीत जुनी होती. इंग्लंडमध्ये आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२च्या 'द सिंगिंग बोन' या संग्रहात ती वापरली होती. तिथे प्रश्न 'कोणी केले' हा नसतो, 'हा पकडला कसा जाणार' हा असतो. त्यामुळे सगळा भार येतो तो दोन माणसांच्या आमन्यासामन्यावर. कोलंबोचा स्वभाव ठरवताना लेव्हिन्सन-लिंकसमोर दोस्तोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधला पोर्फिरी पेत्रोविच होता. तोही गुन्हेगाराला धमकावत नाही. नम्रपणे बोलत राहतो, भलत्याच गप्पा मारतो आणि समोरच्याची झोप उडवतो.

१९६२मध्ये याच गोष्टीचे 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हे नाटक झाले. खुनी डॉक्टर होते जोसेफ कॉटन आणि कोलंबो थॉमस मिचेल. 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटचा बाप झालेले, 'स्टेजकोच'साठी ऑस्कर मिळवलेले मिचेल तेव्हा सत्तरीला आले होते. दौरा पुढे सरकला तशी लेखकांना एक गोष्ट लक्षात येऊ लागली: प्रेक्षक डॉक्टरपेक्षा या गबाळ्या पोलिसावर जास्त खूश आहेत. कोलंबोची ओळख बनलेली 'अजून एकच गोष्ट राहिली' ही खोडही या नाटकाच्याच वेळची. लिंक यांनी पुढे सांगितले ते असे: एक प्रवेश तोकडा पडत होता, पण कोलंबोला तर दाराबाहेर काढून झाले होते. पाने पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्याला दारातूनच परत फिरवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात मिचेल वारले. नाटक ब्रॉडवेला पोचलेच नाही.

पुढे युनिव्हर्सल स्टुडिओने त्यावर टीव्हीसाठी चित्रपट करायचे ठरवले. लेखकांच्या डोळ्यांसमोर अजून मिचेलच होते, म्हणजे उतारवयाचा माणूस. ली जे. कॉब यांचे नाव पुढे आले; त्यांना वेळ नव्हता. मग पटकथा बिंग क्रॉस्बींकडे गेली. मुरलेला गायक, शांत बोलणे, भूमिकेत चपखल बसला असता. त्यांनी नकार दिला. मालिका झाली तर गोल्फला वेळ उरणार नाही, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. क्रॉस्बींचा कोलंबो कसा झाला असता? बहुधा गोड, प्रसन्न आणि विसरण्याजोगा.

पटकथा पीटर फॉक यांच्या हाती लागली आणि त्यांनी स्वतःच फोन करून भूमिका मागितली. चाळिशीच्या या नटाला लेखक घ्यायला बिचकत होते, कारण एकच: वय कमी. फॉक मूळचे न्यूयॉर्कचे. तिसऱ्या वर्षी गाठीमुळे उजवा डोळा काढावा लागलेला, तिथे काचेचा डोळा. नट होण्याआधी कनेक्टिकट राज्याच्या अंदाजपत्रक खात्यात कामाच्या कार्यक्षमतेचा हिशेब ठेवायची नोकरी केलेली. 'मर्डर, इन्क.' आणि 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' या दोन चित्रपटांसाठी ऑस्करची नामांकने मिळालेली, तीही मुख्यतः गुंडपुंडांच्या भूमिकांवर. सरळ नायकाचा चेहरा नव्हता. म्हणूनच तो या भूमिकेला लागू पडला.

२० फेब्रुवारी १९६८ला 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' प्रसारित झाला. समोर जीन बॅरी खुनी डॉक्टर. आज तो पाहिला की जाणवते, हा अजून आपला कोलंबो नाही. केस नीट कापलेले, कपडे बऱ्यापैकी ठाकठीक, आणि एका प्रसंगात तर तो डॉक्टरच्या मैत्रिणीवर चक्क खेकसतो. पुढच्या कोलंबोला आवाज चढवायची गरजच पडली नाही. चित्रपट चालला, एनबीसीला मालिका हवी झाली आणि फॉक नाही म्हणाले. 'द ट्रायल्स ऑफ ओब्रायन' ही त्यांची १९६५ची मालिका लवकर बंद पडली होती. आठवड्याला एक भाग या घाण्याला पुन्हा जुंपून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तीन वर्षे तशीच गेली. मग तोडगा निघाला. एनबीसीने 'मिस्ट्री मूव्ही' नावाने दीड तासाची जागा काढली आणि तीत तीन मालिका आळीपाळीने दाखवायच्या ठरवल्या: डेनिस वीव्हरची 'मॅक्क्लाउड', रॉक हडसनची 'मॅकमिलन अँड वाइफ' आणि 'कोलंबो'. फॉकना दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे नव्हते, त्यामुळे ते कबूल झाले. मधल्या काळाचा भरवसा नको म्हणून आणखी एक पायलट, म्हणजे मालिकेआधीचा चाचणी-चित्रपट, काढला: 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन'. १ मार्च १९७१ला तो प्रसारित झाला. ली ग्रँट त्यात खुनी वकीलबाई होत्या. कोलंबो इथे मवाळ झाला, घोटाळणारा झाला. फॉक यांच्या नकाराने दोन गोष्टी साधल्या. प्रत्येक भागाला श्वास घेण्याएवढा अवधी मिळाला, आणि मांजराने उंदराशी खेळावे तसा तपास रंगवायला दीड तासाची लांबीही मिळाली. तासाभराच्या साप्ताहिक भागात हा खेळ आटोपता घ्यावा लागला असता.

निर्मितीची सूत्रे लेव्हिन्सन-लिंक यांच्याच हाती आली आणि आता नाही म्हणायची पाळी त्यांची होती. वाहिनीच्या तक्रारी त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवल्या आहेत. नायक इतक्या उशिरा येतो हे कसे चालेल? तो इतका गबाळा का? त्याच्या जोडीला एखादा तरुण पोलीस का नाही? मारामारी कुठाय, पाठलाग कुठाय? दोघेही हटले नाहीत. कोलंबोला साहाय्यक दिला नाही, कंबरेला पिस्तूल दिले नाही, घर दाखवले नाही. बायकोचा उल्लेख सारखा, पण ती पडद्यावर येणार नाही. लेखकांनी त्याला पहिले नावही ठेवले नव्हते; 'डेड वेट' या भागात ओळखपत्रावर क्षणभर 'फ्रँक' दिसते, ते कोणा कलाविभागवाल्याचे काम असावे.

असा मोकळा सोडलेला माणूस भरला तो फॉक यांनी. रेनकोट त्यांचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्ये अचानक पाऊस आला तेव्हा घेतलेला. जिथे पाऊस क्वचित पडतो त्या लॉस एंजेलिसमध्ये तो त्यांनी बारमाही वापरला. स्टुडिओच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमधून त्यांनी पूज्यो ४०३ ही जुनाट उघडी गाडी निवडली. बोलता बोलता खिसे चाचपणे, पेन्सिल मागणे, मध्येच भलताच विषय काढणे यातले बरेच ते ऐन चित्रीकरणात करत. समोरचा नट खरोखरच गांगरायचा आणि ते गांगरणे खुन्याच्या चेहऱ्यावर आयते मिळायचे.

कायमचा नट एकच, म्हणजे दर भागाची खरी पात्रनिवड होती खुन्याची. इथे निर्मात्यांनी धोरण पक्के ठेवले. खुनी श्रीमंत, रुबाबदार, बोलण्यात पटाईत आणि स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश असला पाहिजे. गल्लीतला चोर-दरोडेखोर नको. जॅक कॅसिडी लेखक, रॉबर्ट कल्प खाजगी गुप्तहेर संस्थेचा मालक, एडी अल्बर्ट युद्धवीर जनरल, रॉस मार्टिन कलासमीक्षक, सुझन क्लार्क धनाढ्य घरातली दबलेली बहीण, रॉडी मॅकडॉवल रसायनांशी खेळणारा उनाड वारसदार, पॅट्रिक ओनील वास्तुविशारद. रे मिलँड, डॉन अमिची, आयडा लुपिनो असे हॉलिवुडचे जुने चेहरे दुय्यम भूमिकांत. साहेबी बंगल्यात बिचकत शिरणारा, गालिचा मळेल का म्हणून पायाकडे पाहणारा पोलीस आणि त्याला नोकरासारखे वागवणारा यजमान यांची जुगलबंदी त्यातून आपोआप उभी राहिली. मालिकेने वर्गभेदावर भाषण कधी दिले नाही. नटांच्या निवडीतच ते सारे आले होते.

पहिल्या भागाची पटकथा स्टीव्हन बोचको यांची, पुढे 'हिल स्ट्रीट ब्लूज'ने गाजलेले तेच. दिग्दर्शक होता युनिव्हर्सलच्या पगारावरचा चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पिलबर्ग. नवख्याच्या जोडीला कॅमेरामन मात्र 'स्पार्टाकस'साठी ऑस्कर मिळवलेले रसेल मेट्टी. जोडीने रहस्यकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एकजण दुसऱ्याला मारतो ही गोष्ट लेव्हिन्सन आणि लिंक या जोडगोळीने निर्माते म्हणून मंजूर केली, यातली गंमत त्यांना नक्कीच कळली असणार.

पण माझ्या मते सीझनचा कळस दुसऱ्या भागात आहे. 'डेथ लेंड्स अ हँड'मध्ये कल्पच्या हातून रागाच्या भरात बाई मरते आणि पुरावे नाहीसे करण्याची त्याची धावपळ त्याच्याच चष्म्याच्या दोन काचांत दिसत राहते. एक शब्द नाही. 'सूटेबल फॉर फ्रेमिंग'चा शेवटही तसाच कसलेला. कोलंबोने आपले बोटांचे ठसे चित्रांवर मुद्दाम उमटवले, असा आरोप समीक्षक करतो आणि कोलंबो खिशातून हात बाहेर काढतो: दोन्हींत हातमोजे. 'डेड वेट' आणि 'शॉर्ट फ्यूज' हे भाग त्या मानाने ढिले. तिथे खुनी आणि पोलीस यांच्यातला ताणच नीट बसत नाही.

फॉक आणि स्टुडिओ यांची मात्र जुंपली. फॉकना एक भाग दिग्दर्शित करायचा होता आणि स्टुडिओ टाळाटाळ करत होता. फॉक आजारी असल्याची चिठ्ठी घेऊन घरी बसले, स्टुडिओनेही कायद्याची भाषा केली. शेवटी त्यांना दिग्दर्शन मिळाले ते सीझनच्या शेवटच्या भागाचे, 'ब्लूप्रिंट फॉर मर्डर'चे, आणि तेही धूळ, यंत्रे आणि गोंगाट यांनी भरलेल्या बांधकामाच्या जागेवर. इमारतीचा पाया खणायची परवानगी मिळवायला सरकारी खिडक्यांसमोर रांगेत ताटकळणारा कोलंबो याच भागातला. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

१९७२च्या एमी पुरस्कारांत फॉक यांना अभिनयाचा, 'डेथ लेंड्स अ हँड'साठी लेव्हिन्सन-लिंकना लेखनाचा आणि एडवर्ड एब्रम्स यांना संकलनाचा, तर 'ब्लूप्रिंट'च्या छायाचित्रणासाठी लॉइड अहर्न यांना पुरस्कार मिळाला. त्यानंतर दोन्ही लेखकांनी रोजच्या निर्मितीतून अंग काढून घेतले. पुढच्या सीझनपासून वाहिनीच्या हट्टाखातर काही भाग दोन तासांचे झाले आणि जिथे ओढूनताणून लांबवले तिथे ते दिसतेही.

एनबीसीने १९७९मध्ये एक उरलेला हट्टही पुरा करून घेतला. लेव्हिन्सन, लिंक आणि फॉक यांची मनापासून नापसंती असताना कोलंबोच्या बायकोला नायिका करून 'मिसेस कोलंबो' ही वेगळी मालिका काढली. तिचे तेरा भाग झाले, आणि तेवढ्यात नायिकेचे आडनाव बदलून कोलंबोशी नाते तोडायचीही वेळ आली. मूळ मालिका १९८९मध्ये एबीसी वाहिनीवर पुन्हा सुरू झाली आणि २००३पर्यंत, दोन्ही पायलट धरून, ६९ भागांपर्यंत गेली. तेव्हा फॉक पंचाहत्तरीचे होते, आणि लेफ्टनंटसाहेबांच्या बायकोचे दर्शन तोवरही कोणाला झालेले नव्हते.