गिटार खरखरते? आधी दोष शोधूया

"मला जमतच नाही," म्हणत मूल गिटार कोपऱ्यात ठेवतं. पालकहो, थांबा! काटोलच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तारा खाली येतात आणि फ्रेटला घासतात.

बोट फ्रेटच्या अगदी मागे, नीट दाबून एकेक फ्रेट वाजवायला सांगा.

१. खरखर थांबली : बोटाची सवय सुधारा.
२. फक्त मोकळी तार खरखरते : नटची खाच खोल झाली.
३. एकाच जागी : पुढचा फ्रेट उचललाय.
४. पहिल्या ४-५ फ्रेटवर : मान जास्त सरळ झाली, जाणकाराकडून ट्रस रॉड पाव फेरा सैल करा.
५. १२व्या फ्रेटपुढे : सॅडल बुटकी.

मिरजेच्या तंबोऱ्यात हाच झणकार 'जवारी' म्हणून मुद्दाम आणतात. गिटारला मात्र तो नको. उन्हाळ्यात गिटार कूलरसमोर नाही, पेटीतच ठेवा.