‘आपलाच कुत्रा, काय होणार?’

डोंबिवलीतील आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडाने रस्त्यावरचे पिल्लू हौसेने घरी आणले. खेळता खेळता त्याचे दात शेजारच्या मुलाच्या पोटरीला लागले. वडीलधाऱ्यांनी जखमेवर हळद दाबली आणि ‘आपलाच कुत्रा, काय होणार?’ असे म्हणून विषय मिटविला. तिसऱ्या दिवशी मुलाने शाळेत ही हकीगत सांगितली. बाईंनी तातडीने पालकांना बोलावून घेतले, म्हणून त्याला लस मिळाली.

माया ही लस नव्हे. घरचे कुत्रे वा मांजर जिन्यात, अंगणात भटक्या जनावरांच्या संपर्कात येतच असते. रेबीजचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेतून, चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर चाटणे यांवाटे शरीरात शिरतो. माणसात लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात आणि ती दिसल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. मधला काळ फसवा खरा. परंतु जीव वाचविण्याची संधीही तीच.

जनावराचे वर्तन पालटले की सावध व्हावे. प्रेमळ कुत्रा अकारण अंगावर धावतो किंवा अंधारा कोपरा धरून बसतो. कधी जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे, असे समजून मालक तोंडात हात घालतो आणि संकट ओढवून घेतो.

चावा लागताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. जनावरावर दहा दिवस नजर ठेवावी. पण तोवर लस लांबणीवर टाकू नये. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती जुन्या पिढीच्या मनात अद्याप आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीचे उत्पादन भारतात 2004 साली बंद झाले. आता दंडात चार-पाच वेळा टोचून घेतले की भागते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा ‘बाह्य परिणामां’चा प्रश्न आहे. कुत्र्याच्या लसीचे पैसे मालक वाचवितो. त्याची किंमत मात्र शेजारी आणि सार्वजनिक रुग्णालय मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात. एखाद्या परिसरातील 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते.

खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. परंतु रस्त्यावरच्या कुत्र्याला मालक नसतो, घरच्याला असतो. सुरुवात तेथूनच करणे सर्वांत सोपे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने पाळीव प्राण्यांची यादी ठेवावी आणि दरवर्षी लसीचा दाखला पाहावा. महापालिकांनी प्रभागवार शिबिरे भरवावीत, ऐपत नसलेल्यांच्या जनावरांना लस फुकट द्यावी. कुत्र्यांपासून होणारा रेबीज 2030 पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट देशाने ठरविले आहे. ते दिल्लीतील आराखड्याने साधणार नाही. ते आपल्या जिन्यात साधावे लागेल. जनावर पाळण्याची हौस ज्याची, लसीची जबाबदारीही त्याचीच.