चोपण जमीन, जिप्सम आणि सोडियमचे क्षपण विभव

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात जिथे ऊस उभा राहतो, तिथे निचरा नसलेल्या खोल काळ्या रानाला चोपण होण्याचा धोका असतो. चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटलेली जमीन, जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकल्यावर सुधारते, हे खरे. पण त्याचे जे कारण वरचेवर सांगितले जाते ते साफ चुकीचे आहे. कॅल्शियमचे क्षपण विभव उणे 2.87 व्होल्ट आणि सोडियमचे उणे 2.71, म्हणून अधिक क्रियाशील कॅल्शियम सोडियमला हुसकावते, असा तो तर्क असतो. शालेय अभिक्रियाशीलता श्रेणीत मात्र सोडियम कॅल्शियमच्या वर लिहिलेले असते, तेव्हा ती श्रेणी पुढे केली तर याच तर्काने जिप्सम निरुपयोगी ठरायला हवे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

क्षपण विभव म्हणजे आयनाची इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची, धातूच्या बाबतीत पुन्हा धातू होण्याची, ओढ. ती हायड्रोजनच्या तुलनेत व्होल्टमध्ये मोजतात. सोडियमचा आकडा इतका उणे असण्याचा अर्थ एवढाच, की सोडियम धातू आपला इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो आणि नंतर तो परत घ्यायला तयार नसतो. शेतात सोडियम धातू नाही आणि कॅल्शियम धातूही नाही. दोघेही इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन बसलेले धन आयन आहेत. जिथे इलेक्ट्रॉनची देवघेवच होत नाही, तिथे विभवाचे कोष्टक उघडण्याचे प्रयोजन काय?

घडते ते असे, की चिकणमातीच्या कणांवरील ऋण प्रभारामुळे धन आयन त्यांना धरून राहतात, आणि दोन प्रभारांचे कॅल्शियम हे एका प्रभाराच्या सोडियमपेक्षा घट्ट बसते. मॅग्नेशियम (उणे 2.37) आणि ॲल्युमिनियम (उणे 1.66) यांची विभवे सोडियमच्या वर असूनही त्यांचे आयन मातीला सोडियमपेक्षा घट्ट धरतात. शिवाय ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी होते: सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे दिले तर तेच कॅल्शियमला उठवते. विभवच निर्णायक असते आणि कॅल्शियमच नेहमी जिंकत असते, तर जमीन मुळात चोपण झालीच नसती.

चोपण रानातले ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात सोडले, तर ते विरघळल्यासारखे फुटते आणि पाणी तासन्‌तास गढूळ राहते. चिमूटभर जिप्सम टाकून ढवळले, की कण एकमेकांना धरून तळाशी बसू लागतात. चुनखडीयुक्त जमिनीत गंधक टाकतात तेव्हा मात्र जिवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करून आम्ल बनवतात आणि चुनखडीतले कॅल्शियम मोकळे होते. इलेक्ट्रॉन तिथे हलतात, पण गंधकाचे, सोडियमचे नव्हेत.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. लिथियमचे विभव उणे 3.04 असूनही पाण्यात सोडियमच अधिक जोराने पेटते, कारण विभव अभिक्रियेचा वेग सांगत नाही. मिठातले सोडियम पाण्यात भडकत नाही, कारण ते धातू नसून आयन आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडल्यास ऋणाग्रावर सोडियम नव्हे तर हायड्रोजन मिळतो; म्हणूनच हम्फ्री डेव्हीला 1807 मध्ये सोडियम वेगळे करण्यासाठी कॉस्टिक सोडा वितळवावा लागला.

पुन्हा रानाकडे वळायचे तर, 172 किलो शुद्ध जिप्सम फार तर 46 किलो सोडियम सुटे करते, आणि ते सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर वाहून गेले नाही तर रानातच राहते. अमेरिकन क्षारता प्रयोगशाळेच्या 1954 च्या हस्तपुस्तिकेने विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेल्या, सोडियमची मर्यादा 15 टक्के धरली आहे. तेव्हा माती परीक्षणाच्या अहवालात तो आकडा आणि 8.5 च्या वरचा सामू पाहिल्याशिवाय जिप्समची गोणी फोडू नये, आणि फोडायचीच तर निचऱ्याचा चर आधी खणावा.