पायगाडीची घडण आणि घाटाची वाट

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके पायगाडीची परीक्षा पाहण्यास फार सोयीचे आहेत. पूर्वेस पुणे-नाशिक रस्त्यालगत मंचर, नारायणगाव यांच्या आसपास जमीन बरीचशी सपाट आहे. पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकर यांकडे वळावे, तो सह्याद्रीचे चढ सुरू होतात. मंचरच्या पेठेत दुधाचे कॅन वा भाजीचे पोते निमूटपणे वाहणारी साधी सायकल भीमाशंकरच्या चढावर स्वारास खाली उतरावयास लावते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी तिची घडण कसकशी बदलत गेली ते पाहिले पाहिजे. पायातील बळ चाकापर्यंत कसे पोहोचवावे आणि ते करीत असता स्वाराचा जीव कसा सांभाळावा, या दोन प्रश्नांतूनच तिचे आजचे रूप सिद्ध झाले आहे.

इ. स. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने दोन लाकडी चाकांचे वाहन चालवून दाखविले. त्यास पायडल नव्हते. स्वार पायांनी जमीन मागे रेटीत जाई. पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसासच पायडले जोडण्यात आली. पाय जमिनीवरून सुटले खरे, परंतु नवी अडचण उभी राहिली. पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा; तेव्हा वेग वाढवावयाचा तर चाकच मोठे केले पाहिजे. त्यामुळे १८७० नंतर पुढचे चाक वाढत वाढत स्वाराच्या छातीपर्यंत आले. एखादा धोंडा आडवा आला की उंचावर बसलेला स्वार डोक्यावर आपटे. स्त्रिया व वयस्क माणसे यांस तर ते वाहन जवळजवळ वर्ज्यच होते.

ही कोंडी साखळीने फोडली. १८८५ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल तयार केली. तीत दोन्ही चाके बेताची असून पायडलाचे बळ साखळीवाटे मागील चाकास मिळे. समजा, पुढील चक्रास ४८ दाते व मागील चक्रास २० दाते आहेत. मग पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे २.४ फेरे होतात. म्हणजे २८ इंची चाक ६७ इंची चाकाचे काम करते, आणि स्वाराचे पाय मात्र जमिनीच्या जवळ राहतात. १८८८ मध्ये डनलॉप याने हवेची धाव प्रचारात आणली व हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुसह्य झाला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात बंधूंसह सायकलीचे दुकान काढले. नांगर व पंप करणाऱ्या पुढच्या मोठ्या उद्योगाचा आरंभ असा पायगाडीपासून झाला.

या नव्या घडणीने उतार मात्र लगेच निर्धोक केला नाही. चाक फिरे तोवर पायडलेही फिरत राहत. १९०० च्या सुमारास फ्रीव्हील रूढ झाले आणि पाय स्थिर ठेवून उतरता येऊ लागले. पण पायांनी चाक आवरण्याची सोय गेली व सारी भिस्त ब्रेकवर आली. आपल्याकडील जुन्या धाटणीच्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जाऊन रबराचे ठोकळे पोलादी रिमवर दाबतात. रिम भिजली की ही पकड पुष्कळच ढिली पडते. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात उतरणाऱ्यास, मागे भरलेला कॅन असता, हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. ॲल्युमिनियमची रिम किंवा चाकाच्या मध्याशी बसणारा डिस्क ब्रेक हा यावरील इलाज होय.

चढावरचा इलाज गिअर. वरील उदाहरणातील सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे साडेसतरा फूट जाते. दोन्ही चक्रांचे दाते सारखे केले, तर ती सव्वासात फूटच जाईल. पण पायावरचा भार त्याच प्रमाणात हलका होईल. काम तेच, हप्ते लहान. चाकाच्या तुंब्यात बसणारे तीन गिअर १९०२ पासून मिळू लागले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरांस फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत १९३७ मध्ये मुभा मिळाली.

इतके असूनही एका गिअरची काळी सायकल खेड्यात दीर्घकाळ टिकली, ती अज्ञानामुळे नव्हे. तिची किंमत कमी, ओझे वाहण्याची ताकद मोठी आणि दुरुस्ती गावातल्या कोणत्याही दुकानात होणारी. गिअरच्या सायकलीस चिखल सोसत नाही. तिची निगा राखावी लागते. यास्तव सायकल घेताना रंग व झगमगाट न पाहता रोजची वाट पाहावी. सपाटीवर ओझे न्यावयाचे असेल तर साधी सायकल उत्तम. घाटउताराची वाट असेल तर प्रथम ब्रेक पाहावा, मग गिअर. शाळेला जाणाऱ्या मुलीसाठी आडव्या दांड्याऐवजी खाली झुकलेला दांडा व साखळीवर पत्र्याचे आवरण असावे, म्हणजे कपडा अडकून अपघात होणार नाही.