त्वचेचे तेज आणि आपली डाळ

दाल बाजारात येणारे गिऱ्हाईक डाळीची पारख प्रथम डोळ्यांनी करते. वानगी तळहातावर घेतली जाते, दाणा पिवळाधमक आहे काय, चकाकतो काय, हे पाहिले जाते आणि मगच भाव विचारला जातो. मनुष्याच्या चेहऱ्याविषयीही जगाची रीत अशीच आहे. कांती दिसली की आरोग्य आहे, असे आपण गृहीत धरतो. आणि ती दिसेनाशी झाली की लेपांच्या आणि मलमांच्या बाटल्या घरात येऊ लागतात. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाने सौंदर्यावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्वचेचे मूळ अन्नात आहे, आणि अन्नाशी तर आपला रोजचाच संबंध आहे.

त्वचा ही एखादे वस्त्र पांघरावे तशी शरीरावर घातलेली नाही. तिचा वरचा थर झिजत असतो व साधारण महिन्याभरात खालून नवा थर येतो. तिला घट्टपणा देणारे कोलॅजन हे एक प्रथिन आहे. हे सर्व बांधकाम ज्या सामग्रीतून होते ती आपण ताटात वाढून घेतलेली असते. सामग्रीच अपुरी असेल तर वरून केलेल्या रंगरंगोटीने भिंत किती दिवस उभी राहील?

याचा सर्वांत ठळक दाखला एका रोगात आहे, आणि तो रोग धान्याशीच निगडित आहे. पेलाग्रा हे त्याचे नाव. इटालियन भाषेत त्याचा अर्थ खरखरीत कातडी असा होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली त्याची लक्षणे नोंदविली. हात, पाय, मान असे जे भाग उन्हात उघडे राहतात तेथील त्वचा काळवंडते, जाड होते व सोलते. पुढे जुलाब लागतात आणि अखेर बुद्धिभ्रंशही होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत हा रोग इतका फैलावला की तो संसर्गजन्य असावा असा समज झाला. १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी त्याचा छडा लावण्यास आरंभ केला. अनाथालयांतील मुलांच्या आहारात त्यांनी दूध, अंडी, मांस आणि वाटाणा-घेवड्यासारखी द्विदल धान्ये वाढविली, तेव्हा रोग हटला. औषध ताटातच होते. त्यातील नियासिन हे जीवनसत्त्व या रोगावरील उपाय असल्याचे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले.

हे सारे परमुलखातील आहे असे कोणी समजू नये. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या मजुरांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसीन या घटकाकडे बोट दाखविले. त्या कारणाविषयी पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. मात्र आहारात विविधता येत गेली तसतसा हा रोग दुर्मिळ झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे. यात ज्वारीचा दोष नाही. ज्वारी उत्तम धान्य आहे. एकट्या धान्यावर शरीर चालविणे हाच तो दोष होय.

येथेच डाळीचे माहात्म्य ध्यानात येते. शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. धान्यात जे लायसीन कमी पडते ते डाळ पुरविते, आणि डाळीत जे मिथिओनिन कमी असते ते धान्यातून मिळते. वरण-भात, पिठले-भाकरी, मुगाची खिचडी या आपल्या जोड्या पूर्वजांनी उगाच जुळविलेल्या नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या शाकाहारी जेवणात दिवसाकाठी सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या व ३०० मिलिलिटर दूध असावे. डाळीचे दुकान चालविणाऱ्यांच्या घरीदेखील वरणाची वाटी पातळ होत चालली आहे काय, हे प्रत्येकाने आपल्याच स्वयंपाकघरात पाहावे.

एकट्या डाळीनेही काम भागत नाही. कोलॅजन नीट तयार होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू व लिंबू यांतून मिळते. वरणावर लिंबू पिळल्याने डाळीतील लोहही शरीरात अधिक शोषले जाते, व रक्तक्षयाने येणारा फिकेपणा टळण्यास साहाय्य होते. त्वचा कोरडी व खरबरीत होऊ नये म्हणून अ जीवनसत्त्व हवे. ज्या घरांत कंदमुळे वर्ज्य असल्याने गाजर खाल्ले जात नाही, तेथे पालेभाज्या, लाल भोपळा, पिकलेली पपई व आंबा हे काम करतात. चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्यांनी भोपळ्याचा लाभ घ्यावा. आणि पर्युषणात हिरवे सारेच वर्ज्य असेल, तर त्या दिवसांत डाळ व दूध यांची उपेक्षा करू नये. शेंगदाण्यात नियासिन भरपूर असते, तोही विसरू नये.

शाकाहारी कुटुंबांनी ब-१२ या जीवनसत्त्वाविषयी विशेष सावध राहावे. ते डाळ-धान्यात नसते. दूध, दही, ताक हाच आपला आधार. त्याच्या अभावी बोटांच्या सांध्यांवरील त्वचा काळी पडू शकते, थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. अशा वेळी मलम शोधू नये, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

पथ्याचीही एक बाजू आहे. रक्तात साखर फार काळ चढती राहिली की ती कोलॅजनला चिकटून त्याची लवचिकता घटविते. सणावारी मिष्टान्न अवश्य घ्यावे, नित्य घेऊ नये. ग्वाल्हेरचे ज्येष्ठातील ऊन व तंबाखू हे तर त्वचेचे प्रत्यक्ष वैरी आहेत. तेथे कोणताही आहार पुरा पडणार नाही. अन्न सुरकुती पुसत नाही, वयही थांबवीत नाही. वयाला शोभेल असे निरोगी तेज मात्र ते टिकविते, आणि तेवढे पुष्कळ आहे.

आता दोन शब्द व्यापारी बंधूंसाठी. पाण्याचा वा तेलाचा हात देऊन यंत्रात घासलेली डाळ अधिक चकाकते आणि लवकर खपते. त्या चकाकीने पोषण कणभरही वाढत नाही. घासण्यात दाण्याच्या बाहेरील थराचा काही अंश मात्र जातो. निषिद्ध रंगाने पिवळी केलेली डाळ तर सरळ अपराध आहे. मेटॅनिल यलोसारख्या रंगांना १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात थारा नव्हता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही नाही. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: जी डाळ आपण आपल्या नातवंडांच्या ताटात वाढणार नाही, ती दुसऱ्याच्या गोणीत कशी भरावी?

गिऱ्हाईक चकाकी मागते, हे खरे. परंतु त्याला सालीसकट मूग व बिनपॉलिशची तूर दाखवून तिचा गुण समजावून सांगणे हे आपल्याच हाती आहे. भाव सांगताना आणखी एक वाक्य बोलावे लागेल, इतकेच.